सोसायटीच्या सर्व्हरवर पाच जणांचं एकच खातं

खाडीकाठ | २ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, मच्छीमार सहकारी सोसायटीत मी हिशेब बघतो. संगणकाचं जमतं म्हणून सर्व्हरही माझ्याकडेच आहे. कालपासून मासेमारी बंदी लागली, होड्या वर ओढल्या, आता ३१ जुलैपर्यंत काउंटरला उसंत आहे. या दोन महिन्यांत एक काम पुरं करायचंच आहे, त्यासाठी हा धागा.

सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा एक संगणक, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली. हिशेबाचा प्रोग्राम जुना, काळ्या पडद्यावर चालणारा. काउंटरचे दोन आणि बर्फ कारखान्यातला एक अशा तीन संगणकांवरून सर्व्हरवर लॉगिन करायचं आणि तो उघडायचा. डिझेलवाटप, बर्फाच्या लाद्या, लिलावाची पट्टी, होडीवाल्यांची उचल, सगळं त्यातच. ज्या खात्यातून लॉगिन केलं त्याचं नाव प्रोग्राम प्रत्येक नोंदीपुढे आपोआप लिहितो. आणि आमच्याकडे खातं एकच, ‘ऑफिस’. पाच जण तेच वापरतात, सुडोचे, म्हणजे सर्व्हरवर काहीही बदलण्याचे, अधिकारही त्यालाच. पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढे १२३. तोही काउंटरमागच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलेला.

मे महिन्यात एका होडीच्या नावावरची २०० लिटर डिझेलची नोंद दुसऱ्याच होडीवर गेली. त्या दुसऱ्या होडीच्या मालकाने तक्रार केली. नोंद बघितली तर नाव ‘ऑफिस’, वेळ पहाटे ३:५०. पहाटे ऑफिसात कोण असणार? ऑफिसची किल्ली जिच्याकडे असते, ती आमची काउंटरवरची ताई. घर जवळ म्हणून तीच उघडते. त्यात तिचा दीर पहिल्या होडीवर खलाशी. झालं, बाजारात कुजबुज सुरू झाली. कमिटीने तिला बोलावून विचारणा केली. दुसऱ्या दिवसापासून ती यायची थांबली.

चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर नाहीच. उबुंटू बसवताना ते जागतिक वेळेवर राहिलं होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे पहाटेचे ३:५० हे आपले सकाळचे ९:२०. त्या वेळी ऑफिसात पाचही जण हजर होते, मीसुद्धा. हे मी चेअरमनना लेखी दिलं. पण लोक म्हणतात, मग पाचांपैकी कोण? त्याला उत्तर नाही. त्या बाईचं नाव मला मोकळं करता येत नाही, कारण नोंदीत कुणाचंच नाव नाही.

आता प्रत्येकाचं वेगळं खातं काढायचं आहे. सुरुवात कुठून करू? जुन्या ‘ऑफिस’ खात्याचं काय करू? पासवर्डचे नियम काय ठेवू? सविस्तर सांगा, वेळ आहे माझ्याकडे.

---

भरतीओहोटी | ३ जून, सकाळी ८:०५

दादा, वाचून वाईट वाटलं. मी रत्नागिरीत कॉलेजच्या लॅबमध्ये मदतनीस आहे. आमच्याकडे दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती आहे. कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह हवंच, आणि तीनदा चुकला की खातं बंद. तुम्हीही तसंच करा. कॅलेंडरवरचा पासवर्ड मात्र आजच बदला, त्याला थांबू नका.

---

सुरंगी | ३ जून, दुपारी १:३०

मी मूळची वेंगुर्ल्याची, बारा वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळतेय, सध्या पुण्यात.

खाडीकाठ, घड्याळाची गोष्ट तुम्ही शोधून काढलीत आणि लेखी दिलीत, हे फार मोठं काम केलंत. वेळ आधी दुरुस्त करा. ‘टाइमडेटसीटीएल’ कमांडने टाइमझोन आशिया-कोलकाता करा आणि ज्या दिवशी बदल केलात ती तारीख वहीत लिहा. नाहीतर जुन्या नोंदी वाचताना पुन्हा गोंधळ होईल.

आता खात्यांकडे. पासवर्ड कितीही अवघड ठेवा, पाच जणांना सांगितला की तुमचा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो. म्हणून आधी माणसागणिक खातं, मग पासवर्ड. पाच जणांची पाच खाती काढा. सुडो फक्त दोघांना द्या, तुम्ही आणि आणखी एक भरवशाचा माणूस. काउंटरवर पावत्या करणाऱ्याला सर्व्हरचे अधिकार लागत नाहीत. सुडोची फाइल हाताने उघडू नका, ‘व्हिसुडो’नेच उघडा. ते जतन करण्यापूर्वी चूक तपासतं. त्या फाइलमध्ये एक अक्षर चुकलं तर सुडोच चालेनासं होतं, आणि मग दुरुस्तीला सुडो कुठून आणणार?

‘ऑफिस’ खातं पुसू नका. जुन्या फाइली त्याच्या मालकीच्या आहेत. नव्या खात्यातून सुडो चालतंय याची खात्री झाली की ते बंद करा. पण नीट बंद करा, इथे पुष्कळ जण फसतात. ‘पासडब्ल्यूडी’ कमांडने खातं लॉक केलं की शॅडो नावाच्या फाइलमध्ये पासवर्डच्या हॅशपुढे (म्हणजे त्याच्या सांकेतिक रूपापुढे) एक उद्गारचिन्ह लागतं, एवढंच होतं. पासवर्ड चालत नाही, पण त्या खात्यात कुणाची एसएसएच की (दुरून लॉगिन करताना पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) ठेवलेली असेल तर तो माणूस कीने खुशाल आत येतो. त्यासाठी खात्याची मुदतच संपवावी लागते, ‘चेज’ कमांडने मुदतीची तारीख मागची टाकायची. मग कीसुद्धा चालत नाही. दोन्ही करा, आणि त्या खात्याच्या घरातली ‘ऑथराइज्ड कीज’ नावाची फाइल उघडून त्यात कुणाकुणाच्या की पडल्या आहेत ते डोळ्याने बघा.

भरतीओहोटी, तुझा ३० दिवसांचा नियम मला पटत नाही. हा नियम आला तो बराचसा अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००३-०४ च्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी पुढे २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींबद्दल पस्तावा बोलून दाखवला. त्याच वर्षी निस्टने नवी मार्गदर्शिका काढली आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची शंका आली तरच बदलायला लावा, असं सांगितलं. अक्षर-आकडा-चिन्हाची सक्तीही नको म्हटलं. त्याऐवजी लांबी बघा, आणि आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो आहे का ते तपासा. कारण उघड आहे. दर महिन्याला बदलायला लावलं की माणूस ‘सुरमई१’चा ‘सुरमई२’ करतो. मग मेमध्ये कुठला असेल हे जानेवारीचा पासवर्ड बघूनच कळतं.

---

पडाव | ३ जून, रात्री ९:५०

मी निवृत्त आहे. १९९० च्या दशकात युनिक्सवर काम केलं, आता अलिबागेत असतो. सुरंगीने सांगितलं ते बरोबरच आहे. या नियमांच्या मागची हकिकत सांगतो, कारण ती माहीत असली की नियम लक्षात राहतो.

युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत पासवर्डची फाइल कुणालाही वाचता यायची, कारण खात्याचं नाव आणि नंबर यांची जुळणी सगळ्याच प्रोग्रामना लागते. म्हणून पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचं न उलटणारं रूप, म्हणजे हॅश, ठेवायची पद्धत आली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये यावर लेख लिहिला. त्यांनी एक युक्ती सांगितली. प्रत्येक पासवर्डमध्ये हॅश करण्यापूर्वी यंत्राने आपल्या मनाचं थोडं मीठ, म्हणजे वाटेल ते आकडे, टाकायचं. त्या वेळी ते १२ बिटांचं होतं, म्हणजे ४०९६ प्रकारचं. मग दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तरी फाइलमध्ये हॅश वेगवेगळे दिसतात, आणि चोराला एकदाच यादी करून सगळ्यांवर लावता येत नाही. पुढे हॅश वेगळ्या शॅडो फाइलमध्ये गेले आणि ती वाचायचा अधिकार रूटपुरता, म्हणजे सर्वाधिकारी खात्यापुरता, राहिला. खाडीकाठ, तुमच्या पासवर्ड फाइलमध्ये प्रत्येक नावापुढे नुसता ‘एक्स’ दिसेल, तो त्यासाठीच.

आता दुसरी बाजू. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर पहिला मोठा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, सुटला. तो पसरण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे पासवर्ड ओळखणं. खात्याचं नाव हाच पासवर्ड आहे का, नाव दोनदा लिहिलंय का, उलटं लिहिलंय का, माणसाचं नाव-आडनाव आहे का, हे तो करून बघायचा. मग स्वतःसोबत आणलेली ४३२ शब्दांची यादी लावायचा. तेवढ्यावर पुष्कळ दारं उघडली. तो किडा लिहिणारा मुलगा रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे १९७९ चा लेख लिहिणाऱ्या मॉरिस यांचाच मुलगा.

गावाचं नाव आणि १२३ हे ४३२ शब्दांच्या यादीत नसेल, पण आजच्या यादीत असले नमुने हटकून असतात. मीठ कितीही घाला, पासवर्डच ओळखण्याजोगा असेल तर मिठाने तो वाचत नाही.

---

लाल_माती | ४ जून, सकाळी ७:२०

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. माझं देवगडकडे आंब्याचं पॅकिंग हाऊस आहे. एप्रिल-मेमध्ये हंगामी मुलं येतात, दोन पाळ्यांत काम चालतं, पेटी भरली की वजन टाकायचं, लेबल काढायचं. एकाचा हात चिकाने माखलेला असतो, दुसरा येऊन की दाबतो. तिथे प्रत्येक वेळी लॉगआउट-लॉगिन करत बसलो तर गाडी वाशीला वेळेवर पोचायची नाही. पुस्तकातली शिस्त छोट्या जागेत चालत नाही. एक खातं ठेवा आणि विश्वासातली माणसं ठेवा.

---

खाडीकाठ | ४ जून, सकाळी ११:४०

लाल_माती, तुमची घाई मी समजू शकतो, आमच्याकडे होड्या लागल्या की तीच गत होते. पण आमच्याकडेही विश्वासातलीच माणसं होती. पाचांवरही माझा विश्वास आहे, आजही. ज्या दिवशी २०० लिटरचा फरक निघाला, त्या दिवशी तो विश्वास कुणाच्या कामाला आला नाही, आणि सगळा भार जी सगळ्यात कमी बोलू शकते तिच्यावर पडला.

पडावकाका, सुरंगीताई, मनापासून आभार. काल दोन खाती काढून बघितली. अडचण अशी आली की एकाने केलेली लिलावाची पट्टी दुसऱ्याला उघडता येत नाही, ‘परवानगी नाही’ म्हणतं. आता आठवतं की पूर्वी वेगळी खाती होती, पण याच कटकटीमुळे सगळे ‘ऑफिस’वर गेले होते.

---

सुरंगी | ४ जून, दुपारी ४:१०

हे तुम्ही नेमकं सांगितलंत. खातं वाटून घ्यायची सवय लागते ती बहुतेक वेळा आळसाने नाही, फाइली उघडत नाहीत म्हणून लागते. ती अडचण काढली नाही तर महिन्याभरात सगळे परत ‘ऑफिस’वर येतील.

उपाय ग्रुपचा. ‘काउंटर’ नावाचा ग्रुप करा, पाचही जणांना त्यात घाला. हिशेबाच्या फोल्डराचा ग्रुप ‘काउंटर’ करा आणि फोल्डरावर सेटजीआयडी बिट लावा. मग त्या फोल्डरात कुणीही नवी फाइल केली तरी तिचा ग्रुप आपोआप ‘काउंटर’च राहतो. सोबत युमास्क ००७ ठेवा, म्हणजे ग्रुपमधल्यांना वाचता-लिहिता येईल आणि बाहेरच्या कुणाला काहीच दिसणार नाही. जुन्या फाइलींची मालकी एकदा बदलावी लागेल, त्याआधी बॅकअप घ्या. फाइल सगळ्यांची राहते आणि हात कुणाचा लागला तेही कळतं.

लाल_माती, तुमच्या पॅकिंगच्या टेबलावर वेगळा विचार करता येईल. लेबल काढणाऱ्या संगणकाला एक साधं खातं द्या, ज्यातून लेबल छापण्यापलीकडे काही होत नाही. पैशाची किंवा वजनाची दुरुस्ती मात्र ज्याच्या-त्याच्या खात्यातूनच होऊ द्या. हंगामी मुलांच्या खात्यांना सुरुवातीलाच ३१ मेची मुदत टाकून ठेवा. ती आपोआप बंद होतात, कुणाला आठवण ठेवावी लागत नाही.

---

लाल_माती | ४ जून, सायंकाळी ६:५५

मुदतीचं माहीत नव्हतं. हे पटलं. मुलं गेल्यावर खाती तशीच उघडी राहतात हे खरं आहे, माझ्याकडे मागच्या दोन हंगामांतली आहेत. उद्या बसतो.

---

पूररेषा | ५ जून, सकाळी ९:३०

चिपळूणहून. गेलेल्या माणसाच्या खात्याबद्दल एक अनुभव सांगतो, कारण तो कुणालाच आधी सुचत नाही.

लिनक्स माणसाला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतं. उबुंटूवर पहिला माणूस १०००, दुसरा १००१, असं चालतं. फाइलवर मालक म्हणून तो नंबर लिहिलेला असतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानातला सर्व्हर पाण्यात गेला. डिस्क सुदैवाने वरच्या फळीवर ठेवलेल्या दुसऱ्या डब्यात होती. ती नव्या संगणकाला जोडली, खाती आठवतील त्या क्रमाने नव्याने काढली. आठ दिवसांनी कळलं की गोदामवाल्या मुलाला पगारपत्रक उघडता येतंय. जुन्या सर्व्हरवर १००२ म्हणजे हिशेबनीस होते, नव्यावर १००२ हा तो मुलगा. त्याची काही चूक नव्हती, त्यानेच येऊन सांगितलं.

पूर न येताही हे होतं. कुणी सोडून गेला, तुम्ही खातं पुसलं, त्याच्या फाइली राहिल्या. त्याचा नंबर शेवटचा असेल तर पुढच्या नव्या माणसाला तोच नंबर मिळतो आणि जुन्याच्या सगळ्या फाइली त्याच्या मालकीच्या होतात. म्हणून खाती पुसायची नाहीत, बंद करून ठेवायची. आणि नाव-नंबराचा तक्ता कागदावर छापून वरच्या मजल्यावर ठेवायचा. ‘फाइंड’ कमांडला मालक नसलेल्या फाइली शोधायचा पर्याय आहे, तो वर्षातून एकदा तरी चालवा.

---

आंबोळी | ५ जून, दुपारी १२:१५

माका ह्यो धागो वाचून बरा वाटला. आमच्याकडे मालवणात उलटीच गजाल झाली हुती, ती सांगतंय.

सुडो फक्त दोघांना हे ठीक, पण ते दोघे कुठे असतील याचा विचार करा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या संस्थेचा सर्व्हर बंद पडला. वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद. जनरेटर आणला, सर्व्हर सुरू झाला, पण डिस्क तपासणीवर अडकून रूटचा पासवर्ड मागत बसला. तो माहीत असलेला एकच माणूस मुंबईत, आणि फोन लागत नाही. दहा पावलांवर आमच्या सगळ्या नोंदी होत्या आणि आम्ही बसून राहिलो.

तेव्हापासून आम्ही बंद पाकीट ठेवतो. रूटचा पासवर्ड कागदावर स्वच्छ अक्षरात, मोठं-लहान अक्षर खुणेसकट. पाकिटाला लाख, वर चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या आणि तारीख. ते तिजोरीत. उघडायची वेळ आली तर दोघांसमोर उघडायचं, रजिस्टरला कारण लिहायचं, आणि काम झाल्यावर पासवर्ड बदलून नवं पाकीट करायचं. पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आपल्याकडची हवा कागद खाते. पाऊस सुरू व्हायच्या आधी ते बदलायचा आमचा नेम आहे, आणि बदलताना तो पासवर्ड खरंच चालतो का हे टाइप करून बघतो.

---

पडाव | ५ जून, रात्री ८:४०

आंबोळी, तुमचं पाकीट फार चांगलं. कॅलेंडरवर लिहिणं आणि तिजोरीत लिहून ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘पासवर्ड कधीच लिहू नये’ असं आम्हाला शिकवलं होतं, तो सल्ला अर्धवट होता.

---

खाडीकाठ | ६ जून, सकाळी १०:०५

पाकीट करणार, ठरलं.

आणखी दोन प्रश्न. आमच्या काउंटरवरची माणसं इंग्रजी फारसं टाइप करत नाहीत, त्यांना लांब पासवर्ड कसा जमवू? आणि प्रोग्राम बनवून देणारे मुंबईहून दुरुस्तीला आत येतात म्हणून राऊटरमध्ये एसएसएचचं दार बाहेरून उघडं ठेवलंय. काल ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद, बघितला. रूट, ॲडमिन, टेस्ट, उबुंटू अशा नावांनी सारखं कुणीतरी दार वाजवतंय, रात्रभर.

---

सुरंगी | ६ जून, रात्री ९:२०

दुसरा प्रश्न आधी, कारण तो आजचा आहे. राऊटरमधलं दार आज रात्रीच बंद करा. दुरुस्तीवाल्यांना हवं असेल तेव्हा ते फोन करतील, तेवढ्यापुरतं व्हीपीएनने, म्हणजे सुरक्षित खाजगी वाटेने, आत घ्या. त्यांचं खातं वेगळं, त्याला त्या कामाची मुदत. सर्व्हरवर रूटचं थेट लॉगिन बंद ठेवा आणि बाहेरून येणाऱ्याला पासवर्डऐवजी कीच लागेल असं करा.

यात दोन जागी सांभाळा. पासवर्ड-लॉगिन बंद करताना चालू असलेली खिडकी मिटू नका. दुसरी खिडकी उघडून नव्या पद्धतीने आत जाता येतं का बघा, मगच पहिली मिटा. आणि उबुंटूवर मुख्य फाइलमध्ये ‘नाही’ लिहिलं तरी पासवर्ड चालूच राहिलेला मी दोनदा पाहिलाय. एसएसएचच्या सेटिंगच्या फोल्डरात क्लाउड-इनिट या सुरुवातीची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने ठेवलेली एक छोटी फाइल असू शकते, ती मुख्य फाइलच्या आधी वाचली जाते आणि जे आधी वाचलं तेच धरलं जातं. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका. ‘एसएसएचडी’ला कॅपिटल टी पर्याय देऊन चालवा, प्रत्यक्षात काय लागू आहे ते तो छापतो.

आता पासवर्ड. तुमच्या माणसांना इंग्रजी यायची गरज नाही, रोमन अक्षरं टाइप करता आली की पुरे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमनमध्ये लिहायचे. पण शब्द मनाने निवडायचे नाहीत. मनाने निवडले की माणूस देवाचं, होडीचं, मुलाचं नाव घेतो. फाशाने निवडायचे. ७७७६ शब्दांच्या यादीतून पाच फासे टाकून एक शब्द घेण्याची पद्धत आहे (सहाचा पाचवा घात ७७७६). असे चार शब्द घेतले तर सुमारे ३६५६ लाख कोटी शक्यता होतात. आठ लहान अक्षरांचा अगदी वेडावाकडा पासवर्ड घेतला तर शक्यता सुमारे २०,८८२ कोटीच. म्हणजे चार शब्द साडेसतरा हजार पट अवघड, आणि लक्षात ठेवायला सोपे. कुणाला अभंगाची ओळ किंवा म्हण सुचवू नका, त्या सगळ्यांना पाठ असतात.

तीनदा चुकला की खातं बंद, हेही काउंटरवर नको. कुणीही दुसऱ्याच्या नावाने तीनदा चुकीचं टाइप करून त्याला ऐन लिलावात अडकवू शकतो. दहा प्रयत्न आणि काही मिनिटांची विश्रांती पुरे.

आणि लॉग. उबुंटूवर ऑथ लॉग आपोआप फक्त चार आठवडे राहतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला आणि सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. त्यात निगम निकायही (बॉडी कॉर्पोरेट) येतात, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झालेली सोसायटी निगम निकाय ठरते. म्हणून आपल्याला लागू आहे असं धरूनच चाला. जुने लॉग काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये चारच्या जागी २६ आठवडे करा, १८२ दिवस होतात. मेमधली ती नोंद कोणत्या संगणकावरून झाली, हे कदाचित लॉगमधून कळलं असतं. आज बघा, शेवटचे आठवडे तरी कॉपी करून ठेवा.

---

खाडीकाठ | ७ जून, सकाळी ९:००

रात्रीच दार बंद केलं. लॉगची कॉपी घेतली. त्या दिवसाचा भाग नुकताच गेला होता.

---

खाडीकाठ | २९ जून, रात्री ११:१०

सविस्तर लिहितो, यातून दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

पाच खाती झाली. ग्रुप, सेटजीआयडी, युमास्क, सगळं बसलं. फासे गावच्या जत्रेत घेतलेल्या सापशिडीतले होते. प्रत्येकाने एकट्याने बसून आपले शब्द काढले, मी खोलीबाहेर थांबलो. सेक्रेटरींना सुरुवातीला कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं की झोपेतून उठूनही आठवतात. पाकीट तिजोरीत गेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

मग एक चूक झाली. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचं खातं अजून उघडं होतं. ते १२ तारखेला मुदत संपवून बंद केलं, अगदी सुरंगीताईंनी सांगितलं तसं. काल पूररेषांचं वाचून बॅकअपची डिस्क तपासायला घेतली तर शेवटचा बॅकअप ११ तारखेच्या रात्रीचा. सतरा दिवस बॅकअपच नाही. रोज रात्री बॅकअप घेणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) त्या सहकाऱ्याच्या खात्यात लावलेला होता. खात्याची मुदत संपली आणि क्रॉनने त्याची कामं चालवणं बंद केलं. लॉगमध्ये रोज रात्री तसं लिहिलंही होतं, मी बघितलं नव्हतं. बंदीचे दिवस म्हणून नोंदी थोड्या, नुकसान काही झालं नाही. पण पावसात एखाद्या रात्री वीज जाऊन डिस्क गेली असती तर? रात्रभर झोप लागली नाही.

आता बॅकअपसाठी वेगळं खातं केलंय. त्यात कुणाला लॉगिनच करता येत नाही, त्याचा शेल ‘नोलॉगिन’ आहे. क्रॉन त्याच्या नावाने चालतो.

---

सुरंगी | ३० जून, सकाळी ८:३०

हे मी आधी सांगायला हवं होतं, राहिलं माझ्याकडून. कुणाचंही खातं बंद करण्यापूर्वी त्याच्या नावाचे क्रॉन, चालू असलेले प्रोसेस आणि मालकीच्या फाइली, तिन्ही बघायचे. यंत्राचं काम माणसाच्या खात्यात कधी ठेवायचं नाही. तुम्ही वेळेत पकडलंत.

---

पूररेषा | ३० जून, सकाळी ९:१५

बॅकअप परत आणूनही बघा. नुसती फाइल दिसली म्हणजे ती उघडते असं नाही.

---

खाडीकाठ | ३० जून, रात्री ९:३०

आज बघितलं. जुन्या लॅपटॉपवर सगळं परत आणलं, तक्त्याप्रमाणे नंबर जुळवले. १ एप्रिलपासूनची डिझेलची बेरीज वहीशी बरोबर जमली.

---

भरतीओहोटी | १ जुलै, दुपारी २:४५

सुरंगीताई, तुमचं वाचून लॅबच्या सरांशी बोललो. ३० दिवसांचा नियम ते काढायला तयार आहेत, पण वर्षातून एकदा तरी बदला म्हणतात. विद्यार्थ्यांच्या खात्यांना आता प्रवेशाच्या वेळीच मुदत टाकतोय.

---

खाडीकाठ | २४ जुलै, सायंकाळी ७:५०

ज्यांनी वेळ दिला त्यांना सांगणं माझं कर्तव्य आहे म्हणून लिहितो.

परवा कमिटीची सभा झाली. मी घड्याळाचा कागद पुन्हा मांडला. त्या वेळी पाच जण एकाच खात्यात होते, त्यामुळे कुणा एकावर बोट ठेवणं अन्याय आहे, असं इतिवृत्तात लिहून घेतलं. चेअरमन आणि मी ताईच्या घरी गेलो. चेअरमननी तिच्या सासूबाईंसमोर माफी मागितली. ती लगेच काही बोलली नाही. चहा झाला. मग तिने विचारलं, माझं खातं काढलंय का? म्हटलं, काढलंय, पासवर्ड तूच टाकायचा आहेस.

आज सकाळी ती आली. फासे घेऊन आतल्या खोलीत बसली, शब्द काढले, दार लावून टाइप केले. बाहेर येऊन तिने बर्फाच्या दोन लाद्यांची एक नोंद केली आणि मला बोलावून दाखवलं. नोंदीपुढे तिचं नाव होतं, आणि वेळ सकाळची १०:१२.

१ ऑगस्टला होड्या निघतील. डिझेलची रांग ३१ ला दुपारपासूनच लागेल, काउंटरवर तीच असणार आहे.

---

आंबोळी | २४ जुलै, रात्री ८:२०

ताईंका आमचो नमस्कार सांगा.